ठाणे-नवी मुंबईत तुमची पहिली साल्सा नाइट: आधी नाच, मग जेवण

साल्सा हा जोडीने करायचा लॅटिन नाच म्हटलं की ठाणेकर काय नि नवी मुंबईकर काय, दोघांनाही वांद्रे-अंधेरी आठवतं. जाण्या-येण्यातच निम्मी रात्र जाणार हे लक्षात आलं की बेत तिथेच बारगळतो. पण ठाणे पश्चिम, वाशी, नेरूळ, खारघर या भागांत लॅटिन नाच शिकवणारे क्लास आहेत. त्यांतले काही अधूनमधून एखादा कॅफे, लाउंज किंवा स्वतःचाच स्टुडिओ घेऊन ‘सोशल’ भरवतात. सोशलमध्ये स्पर्धा नसते आणि प्रेक्षकही नसतात. डीजे गाणी लावतो, जमलेली माणसं एकमेकांना विचारून नाचतात आणि गाणं संपलं की जोडीदार बदलतात. जोडीदार सोबत आणावा लागत नाही, हेच बहुतेकांना माहीत नसतं आणि त्यापायी कित्येक जण वर्षानुवर्षं नुसते रील बघत बसतात.

नवख्याची रात्र बिघडते ती बहुधा क्रम चुकल्यामुळे. मंडळी आधी भरपेट जेवतात, मग एखादं ड्रिंक घेतात, क्लास संपता संपता पोचतात आणि जड पोटाने कोपऱ्यात बसून इतरांचं नाचणं बघतात. क्रम असा ठेवा: संध्याकाळी हलकं खा, क्लास सुरू होण्याआधी पोचा, मनसोक्त नाचा आणि खरं जेवण शेवटी करा. बाकीचं सगळं या क्रमाभोवती बसवता येतं.

जागा शोधताना

इन्स्टाग्रामवर आपल्या भागाचं नाव आणि ‘साल्सा सोशल’ किंवा ‘बचाता नाइट’ (बचाता हा साल्साच्या जोडीने लागणारा दुसरा लॅटिन नाच) असं टाकलं की क्लासवाल्यांची पानं सापडतात. बहुतेकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, त्यात शिरलात की पुढच्या तारखा आपसूक येत राहतात. सोशल पुष्कळदा आठवड्याच्या मधल्या वारी असतात, कारण शनिवारी लाउंज एरवीही भरलेलं असतं आणि टेबलं हलवून नाचायला जागा करून द्यायला मालक तयार नसतो. तेव्हा फक्त वीकेंड धरून शोधू नका.

पैसे भरण्याआधी मेसेज करून विचारा की सुरुवातीला बिगिनर्सचा क्लास आहे का. बऱ्याच ठिकाणी तो प्रवेशाच्या पैशांतच धरलेला असतो आणि नवख्याला तोच सगळ्यात उपयोगी. दुसरं म्हणजे साल्सा-बचाता नक्की किती वेळ लागणार? काही ठिकाणी पोस्टरवर साल्सा लिहिलेलं असतं आणि तासाभरात पंजाबी गाणी सुरू होतात. त्यात वाईट काही नाही, पण तुम्ही ज्यासाठी निघालात ते हे नव्हे. तिसरं, फ्लोअर कसला आहे? लाकडी किंवा गुळगुळीत लादी असेल तर उत्तम. गालिचा, खरखरीत काँक्रीट किंवा गच्चीवरचं प्लास्टिकचं गवत असेल तर मी तरी जाणार नाही, कारण वळताना पाऊल अडकतं आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. जुन्या कार्यक्रमांचे व्हिडिओ बघताना माणसांपेक्षा त्यांच्या पायांखालची जमीन बघा.

रूफटॉप असेल तर आणखी एक बाब. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही. म्हणजे गच्चीवरचा कार्यक्रम दहाला आटोपणार आणि नऊला पोचलात तर हाती तासभरच उरणार. बंद हॉलमध्ये पुढेही चालतं.

जायच्या आधीचा आठवडा

या आठवड्यात रोज दहा मिनिटं दिलीत तर पहिल्या रात्रीची निम्मी भीती जाते, म्हणून यावर जरा थांबतो.

साल्साचं एक आवर्तन आठ मात्रांचं. पावलं पडतात १, २, ३ वर आणि ५, ६, ७ वर. ४ आणि ८ ला नवं पाऊल नाही. नाच चालवणारा तो लीड, त्याला साथ देणारा तो फॉलो. लीडने १ ला डावा पाय पुढे टाकायचा, २ ला वजन परत मागच्या उजव्या पायावर घ्यायचं, ३ ला डावा पाय जागेवर आणायचा. मग ५ ला उजवा पाय मागे, ६ ला वजन पुढच्या डाव्या पायावर, ७ ला उजवा पाय जागेवर. फॉलोचं बरोबर उलट: १ ला उजवा पाय मागे आणि ५ ला डावा पाय पुढे. याला क्लासमध्ये ‘बेसिक’ म्हणतात आणि सगळा नाच यावरच उभा आहे.

पावलं छोटी ठेवा, स्वतःच्या तळव्याएवढी. नवखा माणूस हमखास लांब पावलं टाकतो आणि गाण्याच्या मागे पडतो. वजन टाचेवर न टाकता चवड्याकडे ठेवा. खालच्या मजल्यावरचे शेजारीही खूश राहतील. वरच्या अंगाचं आणि कमरेचं काय करायचं याचा विचार आत्ता करूच नका. गुडघे आळीपाळीने वाकले आणि वजन खरोखर एका पायावरून दुसऱ्यावर गेलं की कंबर आपोआप हलते. मुद्दाम हलवलेली कंबर लगेच ओळखू येते.

पण पावलांपेक्षा अवघड आहे ते गाण्यातला १ ऐकणं. तबल्याच्या साथीने वाढलेला कान सम जशी शोधतो तसाच हा शोध आहे, फक्त खुणा वेगळ्या. काँगा या उंच ढोलाकडे लक्ष द्या. त्याच्या नेहमीच्या ठेक्यात २ ला एक कोरडी ‘टक’ पडते आणि ४ ला दोन मोकळे, घुमणारे ठोके येतात, ‘डुम-डुम’. ६ आणि ८ ला तेच पुन्हा. म्हणजे ‘डुम-डुम’च्या लगेच नंतर एक तर १ येतो किंवा ५. दोन्हींतला कुठला, हे सुरुवातीला गायकाच्या ओळीवरून ओळखा: नवी ओळ बहुधा १ च्या आसपास सुरू होते. पुढे कधीतरी क्लावे ऐकू येईल. दोन लाकडी दांड्यांचे पाच ठोके, ३-२ किंवा २-३ असे वाटलेले. ३-२ मध्ये ते १ वर, २ आणि ३ च्या मधोमध, ४ वर, मग ६ आणि ७ वर पडतात. पहिल्याच आठवड्यात ते पकडायची सक्ती नाही, पण टाळी वाजवून बघा, मजा येते.

ऐकायला कुणाला लावायचं? सेलिया क्रूझ, टिटो पुएन्ते, ऑस्कर डि’लिऑन, आणि १९६२ पासून वाजत असलेला एल ग्रान कॉम्बो दे पुएर्तो रिको हा वाद्यवृंद. क्युबातल्या ‘सोन’ आणि माम्बो या संगीतप्रकारांची पाळंमुळं घेऊन न्यूयॉर्कमधल्या पोर्तोरिकन आणि क्युबन वादकांनी हे संगीत घडवलं. १९६४ मध्ये जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी फानिया रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढली, तिच्यामुळे ते साल्सा या नावाने जगभर गेलं. काही गाणी इतकी वेगवान असतात की मुरलेले नाचणारेही खुर्ची धरतात. सरावाला संथ गाणी निवडा. लोकल आत खचाखच भरलेली असली तरी कानात गाणं लावून पायाच्या अंगठ्यांनी १-२-३, ५-६-७ मोजता येतं. ठाणे-वाशी प्रवास यासाठी पुरेसा लांब आहे.

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये झुम्बा केलेल्या बायकांना एक चांगली बातमी. झुम्बा कोलंबियातल्या काली शहरच्या बेटो पेरेझने सुरू केला. साल्सा, मेरेंगे, कुंबिया या लॅटिन नाचांची पावलं त्यात आहेतच. तुमच्या पायांना निम्मं ठाऊक आहे, हात हातात घेऊन करायचं तेवढं नवं.

सोशलमध्ये साल्साच्या बरोबरीने बचाता लागतो. तो डॉमिनिकन रिपब्लिकचा आहे आणि २०१९ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. नवख्याला तो आधी जमतो: तीन पावलं एका बाजूला, ४ ला पाय नुसता टेकवायचा किंवा कंबर उचलायची, मग तीन पावलं परत आणि ८ ला तेच. गाणी संथ, गिटारची. मेरेंगे तर जागच्या जागी चालल्यासारखाच, तो लागला की बिनदिक्कत उठा.

काय घालायचं

कपडे घामाला धरून निवडा. आपल्याकडच्या दमटपणात दुसऱ्या गाण्यालाच पाठ ओली होते. बॅगेत एक कोरडा टी-शर्ट किंवा टॉप, लहान टॉवेल, डिओ आणि पाण्याची बाटली. मुरलेले लोक मध्यावर जाऊन कपडे बदलून येतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही, उलट जोडीदार मनोमन आभार मानतो. कुर्ती-लेगिंग्ज चालतात, जीन्स चालते. ओढणी नको, आणि लांब मंगळसूत्र असेल तर ते आत घ्या किंवा घरी ठेवून छोटं घाला, कारण वळताना ते समोरच्याच्या बोटांत अडकतं. खड्याची अंगठी, मोठं घड्याळ, लोंबते डूल काढून ठेवा. लांब केस बांधा. मोकळ्या वेणीचा फटका जोरात बसतो.

बुटांवर मात्र थोडा खर्च सार्थकी लागतो. रबरी तळाचे जॉगिंगचे शूज जमीन धरून ठेवतात, तुम्ही वळता आणि पाय तिथेच राहतो. चामडी तळाचे ऑफिसचे बूट असतील तर पहिल्या रात्रीला तेच बरे. बायकांनी मागून पट्टा असलेली, घट्ट बसणारी सपाट किंवा कमी टाचेची सँडल घालावी. स्लिपर नको, सुटते. नाचाच्या खास बुटांना सुएडचा, म्हणजे मऊ लवदार चामड्याचा तळ असतो, पण ते दोन-तीन महिने टिकलात तरच घ्या. आणि पावसाळ्यात हे बूट पायात घालून घराबाहेर पडू नका. भिजलेला सुएड वाया जातो, शिवाय सगळा फ्लोअर ओला होतो. पिशवीत न्या, आत गेल्यावर बदला.

आधी हलकं खाणं

आपल्या भागात निव्वळ लॅटिन अमेरिकन म्हणता येईल असं रेस्टॉरंट क्वचितच सापडतं. मिळतं ते मॉलमधलं मेक्सिकन किंवा टेक्स-मेक्स काउंटर, आणि वाशी, सीवूड्स, घोडबंदर रोड भागातल्या कॅफेंच्या मेन्यूतलं एखादं पान. तेवढ्यातही चांगलं खाता येतं, काय आहे ते ओळखता आलं पाहिजे.

कडक कवचाचे टाको, वर पिवळं चीज, जिऱ्याचा ठसठशीत वास असलेलं मीट किंवा बीन्स: हे टेक्स-मेक्स, अमेरिकेतल्या टेक्सासकडचं. मेक्सिकोतला टाको मऊ मक्याच्या टॉर्टियावर, म्हणजे पातळ पोळीवर येतो, वर कांदा, कोथिंबीर आणि पिळायला लिंबू. त्या टॉर्टियाला एक खास वास असतो, कारण मका चुन्याच्या निवळीत शिजवून, भिजवून, सालं काढून मग वाटतात. त्याने पीठ एकजीव होतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगं होतं. मेन्यूत ‘कॉर्न टॉर्टिया’ असेल तर मी तोच मागवतो, गव्हाची टॉर्टिया आपण घरी रोज खातोच. मेक्सिकन पारंपरिक स्वयंपाकाला युनेस्कोने २०१० मध्ये यादीत घेतलं, त्यात या मक्याचा मोठा वाटा आहे.

तिखटाला घाबरण्याचं कारण नाही. मिरची, टोमॅटो, बटाटा, मका, शेंगदाणा, काजू, पेरू, पपई, सीताफळ हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलंच, पोर्तुगीज काळात समुद्रमार्गे इकडे येऊन आपल्या पाटावर बसलेलं. हालापेन्यो मिरची तिखटपणाच्या स्कोव्हिल मापात साधारण २,५०० ते ८,००० भरते. ठेचा खाणाऱ्या घरातल्या माणसाला तिचं काही वाटणार नाही. हाबानेरो मात्र एक लाखाच्या पुढे जाते. सॉसच्या बाटलीवर ते नाव दिसलं तर थेंबानेच सुरुवात करा.

नाचाआधी दोघांत मिळून एक टाकोची प्लेट किंवा भात कमी करून घेतलेला बरिटो बाऊल पुरे. चीजने माखलेले नाचोज, केसाडिया, तळलेले चिमिचांगा हे सगळं नंतरसाठी राखून ठेवा. कच्चा कांदा आणि लसूणही आधी टाळाच, कारण पुढचे दोन तास तुम्ही परक्या माणसांच्या हातभर अंतरावर असणार आहात. खाल्लंच तर तोंडात बडीशेप किंवा मिंट.

गुरुवार, संकष्टी किंवा श्रावण पाळणाऱ्यांनी विचारावं की व्हेज फिलिंग वेगळ्या तव्यावर करतात का. मेक्सिकोत बीन्स परतायला डुकराची चरबी वापरायची पद्धत आहे. इकडे सहसा तेलच असतं, तरी विचारायला संकोच नको. कांदा-लसूण नको असेल तर ग्वाकामोले ताजं करून मागा. अ‍ॅव्होकॅडो, लिंबू, मीठ, कोथिंबीर, मिरची एवढ्यातही ते छान होतं.

सेविचे कुठे दिसलं तर दोन शब्द. पेरू या देशातला हा पदार्थ २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. कच्चा मासा लिंबाच्या रसात मुरवतात, मांस पांढरं पडून शिजल्यासारखं दिसतं, पण आंबटाने जंतू मरतीलच असं नाही. खात्रीच्या स्वयंपाकघरातच खा. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत तर मी त्याच्या वाटेला जात नाही.

फ्लोअरवर

क्लासला दहा मिनिटं आधी पोचा. शिकवणारा सगळ्यांना दोन रांगांत किंवा गोलात उभं करतो आणि दर थोड्या वेळाने जोडीदार बदलायला सांगतो. नवराबायको किंवा मित्रमैत्रीण एकत्र आला असाल तरी बदला. एकमेकांच्याच चुकांची सवय लागली की तिसऱ्या कुणाबरोबर नाचताना पंचाईत होते. पुरुषाने लीड आणि बाईने फॉलो करायचं असा काही नियम नाही. दोन मैत्रिणी आलात तर एकीने लीड शिकावं, सोशलमध्ये लीडर बहुधा कमीच पडतात.

हात धरण्याची रीत क्लासमध्ये घाईत सांगितली जाते, म्हणून इथे नीट बघू. लीडने बोटं आकड्यासारखी किंचित वाकवून तळहात वर किंवा आत ठेवायचा, फॉलोने आपली बोटं त्यावर नुसती टेकवायची. अंगठा मोकळा. अंगठ्याने दाबून धरलं की वळताना समोरच्याचं मनगट पिळतं. बोटं बोटांत सैल फिरली पाहिजेत. कोपर मात्र अगदी ढिला नको: कोपरात थोडा ताण असेल तर लीडचं शरीर पुढे आल्याचं फॉलोला हातातून कळतं, बघावं लागत नाही. राइट टर्नसाठी लीड ४ च्या सुमाराला डावा हात वर नेतो आणि फॉलो ५-६-७ मध्ये उजवीकडे वळून परत समोर येते. हात ओढायचा नाही, तिच्या डोक्यावर छत्री धरल्यासारखा फक्त वर ठेवायचा. वळणं ती स्वतः घेते.

क्लास संपून दिवे मंद झाले की पहिली दोन-तीन गाणी बसून ऐका. कोण तालात नाचतंय, कोण जोडीदाराला जपतंय, कोण हात झटकतंय, हे कळतं. मग तालात आणि शांत नाचणाऱ्या कुणाला तरी विचारा. “नाचूया का? मी नवीन आहे,” एवढं पुरतं. नवीन आहे हे सांगण्यात कमीपणा नाही, समोरचा मग त्या बेताने नाचतो. मुलींनी विचारायलाही काहीच हरकत नाही, सोशलमध्ये ते रोजचंच आहे.

नकार आला तर हसून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. दमलेली असेल, गाणं आवडत नसेल, पाय दुखत असेल. तुम्हालाही नकार देण्याचा तेवढाच हक्क आहे, “आत्ता नको, थॅंक्स” म्हटलं की विषय संपला. बचाताच्या वेळी कुणी नको इतकं जवळ ओढत असेल तर हाताचा तळवा त्याच्या खांद्याच्या पुढच्या भागावर ठेवून अंतर करा. हे नाचाच्या भाषेतच बसतं आणि शहाण्या माणसाला लगेच कळतं. कळलं नाही तर गाण्याच्या मध्यावर “थॅंक यू” म्हणून सोडून यायचं आणि आयोजकाला सांगायचं. चांगला आयोजक अशा माणसाला दुसऱ्यांदा आत घेत नाही. ज्या ठिकाणी तक्रार हसण्यावारी नेतात तिथे परत जाऊ नका, नाच कितीही छान असो.

फ्लोअरवर ग्लास घेऊन जायचं नाही. ओली लादी म्हणजे कुणाचा तरी घोटा मुरगळणार. धक्का लागला तर चूक कुणाचीही असो, हात वर करून सॉरी म्हणायचं. आणि नाचता नाचता समोरच्याला शिकवायचं नाही. ही सवय नव्याने थोडं शिकलेल्यांनाच जास्त असते. नेरूळकडच्या सोशलमध्ये साठीच्या पुढचे एक काका दिसतात. बेसिक, राइट टर्न आणि क्रॉस बॉडी लीड (फॉलोला आपल्यासमोरून दुसऱ्या बाजूला नेणं), याखेरीज काही करत नाहीत. पण ताल सोडत नाहीत, दर गाण्याच्या शेवटी जोडीदाराला तिच्या खुर्चीपर्यंत पोचवतात, आणि त्यांच्यासोबत नाचायला मुली थांबून असतात.

ड्रिंक, जेवण आणि बिल

मोहितो क्युबाचा (रम, पुदिना, लिंबू, साखर, सोडा), काइपिरिन्या ब्राझीलची, मार्गारिता टकिलाची. तिन्ही छान, पण नाच संपल्यावर. एका ड्रिंकनेही वळताना तोल जातो आणि समोरच्याला ते हातातून कळतं. मुरलेली मंडळी रात्रभर पाणी आणि लिंबू-सोडाच पितात. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१ आणि बाकी दारूसाठी २५ लागतं, ओळखपत्र जवळ ठेवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला ड्राय डे.

किचनची लास्ट ऑर्डर किती वाजता, हे आल्या आल्या विचारून ठेवा, नाहीतर नाचून भूक खवळलेली आणि शेगड्या बंद. आता मघाचे नाचोज मागवा, वर पिको दे गायो: कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, मिरची, लिंबू. नाचोजची मूळ प्लेट १९४३ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ आनाया यांनी केली होती, त्यात टॉर्टियाचे तुकडे, चीज आणि हालापेन्यो एवढंच होतं. शेवटी गरम चुरोज, किंवा कुठे मिळालाच तर त्रेस लेचेस, तीन तऱ्हेच्या दुधात भिजवलेला केक. अन् किचन बंद झालंच असेल तर स्टेशनबाहेरची भुर्जी-पावची गाडी आहेच.

बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर तो काढायला सांगता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो सक्तीचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. वेटरने पाण्याचे जग धावत आणून दिले असतील तर त्याच्या हातात टिप द्या, ती त्याला नक्की मिळते.

घरी परतणं

निघायची वेळ आधीच ठरवा, रंगात आल्यावर ठरत नाही. ठाण्याहून वाशी-नेरूळला किंवा उलट जाणाऱ्यांना ट्रान्स-हार्बर लाइन सोयीची, पण शेवटची गाडी कधीची ते एम-इंडिकेटरवर त्याच दिवशी बघा. रविवारी मेगाब्लॉकही बघा. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी रात्री अवजड वाहनांच्या रांगा धरून चालावं, अकराला निघालात म्हणजे साडेअकराला घरी असं होत नाही. एकट्या मुलींनी कॅबचा तपशील घरी पाठवावा आणि हॉलच्या दारातच गाडी बोलवावी, रस्त्यावर उभं राहून नव्हे. अडचण आली तर ११२.

स्वतःची गाडी आणली असेल तर दारू नाहीच. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

पुढच्या महिन्यात

एक रात्र आवडली तर बॅच लावा, कारण नुसत्या सोशलच्या आधीच्या क्लासवर पुढे जाता येत नाही. बॅचमध्ये ‘ऑन वन’ शिकवतात की ‘ऑन टू’ ते विचारा. पहिल्या प्रकारात दिशा १ ला बदलते, तो लॉस एंजेलिसच्या शैलीचा. दुसऱ्यात ती २ ला बदलते, तो न्यूयॉर्कचा, एडी टोरेस यांनी शिकवून रूढ केलेला. आपल्या भागातल्या सोशलमध्ये जास्त लोक जो नाचतात तोच आधी घ्या आणि दोन्ही एकदम सुरू करू नका. काही जण क्युबन शैली शिकवतात, ती सरळ रेषेत न नाचता गोल फिरत नाचतात. तिच्यातला रुएदा हा प्रकार, जिथे सगळ्या जोड्या वर्तुळात उभ्या राहून एकाच्या हाकेवर जोडीदार बदलतात, ग्रुपने येणाऱ्यांना फार आवडतो.

पैसे भरण्याआधी एक ट्रायल क्लास मागा. त्यात बघायचं ते इतकंच: शिकवणारा गाणं लावून मोजायला लावतो की नुसत्या स्टेप्स देतो, जोडीदार बदलायला लावतो का, आणि हात कसा धरायचा ते प्रत्येकाजवळ येऊन दाखवतो का. तिमाही फी एकरकमी मागत असतील तर आधी एका महिन्याचीच भरा.